उतरलेलं वजन परत का चढतं?

तायांनो, मागच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "मॅडम, नवरात्रात दोन किलो उतरलं आणि संक्रांतीपर्यंत तीन किलो चढलं. असं कसं?" सगळ्या हसल्या, पण हा अनुभव बऱ्याच जणींचा निघाला.

वजन उतरलं की शरीर काटकसर सुरू करतं. लहान झालेल्या शरीराला कमी अन्न पुरतं, आणि भूक मात्र वाढते. नुसत्या उपासाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग जुन्या ताटावर परत आलो की वजन चढणारच. तुमचं मन कच्चं आहे असं नाही.

वजन उतरतं ते मुख्यतः ताटामुळे. अर्धा तास चालून जे खर्च होतं, ते एक वडापाव भरून काढतो, तेही व्याजासकट! पण उतरलेलं टिकवायला व्यायामच लागतो. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो कमी करून वर्षभर टिकवलं. त्यातले बहुतेक जण रोज तासाभराचा व्यायाम करतात, आणि तो म्हणजे जास्त करून चालणं.

"आम्ही दिवसभर राबतो, आणखी कसला व्यायाम?" हे मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. खरंय, खुरपणी-कापणीच्या दिवसांत वेगळं काही नको. पण चैत्र-वैशाखात शेत थांबतं आणि ताट तेवढंच राहतं. गिरणीपर्यंतसुद्धा आता पोराच्या गाडीवर जातो. तेव्हा चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. रोज पाऊण तास, सलग नाही जमलं तर पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा. आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा भिंतीला हात टेकून जोर काढा, म्हणजे स्नायू टिकतील. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठा-बसा.

बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर आधी आरोग्य केंद्रात विचारा. आणि ज्या मुळातच बारीक आहेत किंवा ज्यांचं रक्त कमी आहे, त्यांनी वजन उतरवायच्या नादी लागू नये.

एकटीने चालायला लाज वाटते, लोक विचारतात "कुठं निघाली?" म्हणून चौघी-पाचजणी मिळून निघा. पुढच्या बैठकीला काटा मी आणते. आकडा मोठ्याने वाचणार नाही.