तिळाएवढं दुखणं

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यांनी टिपायचं काय, तर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल. हिंगोलीकर म्हणून मला याचा फार अभिमान वाटतो. पण याच जिल्ह्यात बाईच्या ओटीपोटातलं तिळाएवढं दुखणं वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याचं नाव एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर भलत्या जागी, म्हणजे अंडाशयावर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर रुजतो. पाळीचं थोडं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून उलटं पोटात जातं, हे जवळजवळ दहातल्या नऊ बायकांमध्ये घडतं. आजार मात्र दहातल्या एकीलाच होतो. का? याचं एक मोठं उत्तर रक्तवाहिन्यांत आहे.

रक्तातला प्राणवायू केशवाहिनीपासून फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत झिरपतो. दोन-तीन केसांच्या जाडीएवढाच. त्यापलीकडच्या पेशी उपाशी मरतात. बोस्टनचे शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये कर्करोगाच्या गाठीबद्दल मांडलं होतं की, नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ती एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढत नाही. एंडोमेट्रिऑसिस कर्करोग नव्हे, पण भलत्या जागी रुजलेल्या त्या थराच्या डागालाही रक्त लागतंच.

वसमतच्या हळदीला पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी मिळतं. कुणी कालवा फोडून चोरून चारी काढावी, तसं हा डाग करतो. उपाशी पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. त्या हाकेसरशी शेजारच्या रक्तवाहिनीला धुमारे फुटतात आणि केसाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या बारीक वाहिन्या डागात शिरतात. त्यांच्याबरोबर बारीक मज्जातंतूही येतात. म्हणून एवढासा डाग एवढा ठणकतो. ताजे डाग लालभडक दिसतात ते या रक्तामुळेच.

आणि ही विद्या त्या पेशींनी कुठून बाहेरून शिकलेली नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या क्वचितच फुटतात, जखम भरताना वगैरे. गर्भाशयाचं अस्तर मात्र पाळीनंतरच्या २-४ मिलिमीटरवरून दोन-तीन आठवड्यांत १० मिलिमीटरच्या पुढे जातं, आणि रक्ताचं जाळं दर वेळी नव्याने विणतं. बाईच्या आयुष्यात सुमारे ४०० वेळा!

आता आपला हिशेब. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. त्यात बायका ५ लाख ७१ हजारांच्या आसपास. निम्म्या पाळीच्या वयातल्या धरल्या, तर दहाला एक या प्रमाणाने २८ हजार. त्यातल्या निम्म्यांनाच त्रास होतो असं समजू. निदानाला जगभर ४ ते १२ वर्षं लागतात. आपण सातच धरू. १४ हजार गुणिले सात म्हणजे ९८ हजार वर्षं. पाच तालुक्यांतल्या बायकांनी मिळून दात-ओठ खाऊन काढलेली! हा अंदाज माझा, ढोबळ. पण निम्मा खोटा ठरला, तरी पोटात कालवतंच.

कारण आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं. ‘लगीन झालं की थांबतंय’, आणि मग ‘लेकरू झालं की थांबतंय’. सोनोग्राफीत बारीक डाग दिसतही नाहीत, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की बाई गप्प बसते.

हळदीच्या जिल्ह्यात हेही सांगायला हवं. हळदीतला कर्क्युमिन प्रयोगशाळेत, प्राण्यांवर, नव्या रक्तवाहिन्या रोखताना दिसला आहे. पण हळदीचं दूध पिऊन हे डाग जात नाहीत. रक्तवाहिन्याच बंद करणारी औषधं इथे सरसकट वापरता येत नाहीत, कारण बीज सुटायला आणि गर्भ रुजायलाही त्याच वाहिन्या लागतात. आज हार्मोनच्या गोळ्या, वेदनाशामकं आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हे उपचार आहेत आणि त्यांनी आराम पडतो.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला खूण करताच ना? त्याशेजारी कळा किती आल्या, शाळा-मजुरी बुडली का, तेही लिहा. तीन महिने लिहा, आणि ती पानं घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. लेकीला तर नक्कीच घेऊन जा.