भर दुपारी सावली जाते कुठे?

दोस्तांनो, एक गंमत सांगू? पुण्यात वर्षातून दोन दिवस असे येतात, की भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावलीच दिसत नाही! १३ मे आणि ३० जुलैच्या आसपास. साडेबारा उलटले, की सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली काठीच्या बुडाशी गुडूप! हाच तो शून्य सावली दिवस. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला असे दोन दिवस मिळतात. तारखा तेवढ्या वेगवेगळ्या.

आता कतारला जाऊ या! दोहाजवळ अल गराफा नावाची वस्ती आहे. जूनमध्ये तिथे नुसतं रणरणतं ऊन! ओळखा पाहू, तिथे सावली किती वेळा गायब होते?

एकदाही नाही!

असं कसं? ऐका. आपली पृथ्वी कललेल्या भोवऱ्यासारखी, साडेतेवीस अंश तिरकी राहूनच गरगरत सूर्याभोवती फिरते. म्हणून सूर्य जिथे थेट डोक्यावर येतो, ती जागा वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत राहते. उत्तरेला ती कर्कवृत्तापर्यंतच पोचते. २१ जूनच्या सुमाराला तिथे टेकली, की माघारी! महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून सूर्य जाताना एकदा आणि येताना एकदा आपल्या डोक्यावर येतो. अल गराफा मात्र कर्कवृत्ताच्या उत्तरेला, साधारण २०० किलोमीटरवर. थोडक्यात हुकलं!

किती थोडक्यात? २१ जूनच्या दुपारी तिथे एक मीटरच्या काठीची सावली पडते फक्त तीन सेंटिमीटर! आणि २१ डिसेंबरला? तब्बल ११४ सेंटिमीटर! भर दुपारी काठीपेक्षा सावलीच लांब!

अजून एक गंमत! अल गराफात दुपारची सावली बाराही महिने उत्तरेलाच पडते. पुण्यात मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ती चक्क दक्षिणेला वळते!

करून बघायचंय? टोपी घाला, मोठ्यांना सोबत घ्या. काठी सरळ रोवा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सूर्याकडे मात्र अजिबात बघायचं नाही! सगळ्यांत आखूड सावली, ती तुमच्या गावची खरी दुपार. घड्याळात तेव्हा बारा नसतीलही! अल गराफात जूनमध्ये ती ११ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारासच होते.

परगावच्या मित्रालाही त्याच दिवशी सावली मोजायला सांगा. सुमारे २२०० वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस नावाच्या विद्वानाने इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्यांवरूनच अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला होता!