दाबाचे मोजे: आधी पायाची नाडी, मग माप

मोहोळच्या बाजारपेठेत दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांची कमी नाही. कापड दुकानातले सेल्समन, केशकर्तनालयातले कारागीर, हॉटेलातले आचारी, महामार्गावरच्या पेट्रोल पंपावरची मुले, एसटीचे वाहक. संध्याकाळी पाय जड होतात, पोटऱ्या ओढल्यासारख्या दुखतात, चपलेचा पट्टा रुततो. काहींच्या पोटरीवर निळ्या, गाठाळ शिरा दिसू लागतात. मग कुणीतरी सुचवते, ‘मेडिकलमधून दाबाचे मोजे आण.’ दुकानदार पायाकडे एक नजर टाकतो आणि ‘मिडियम’ किंवा ‘लार्ज’चा खोका पुढे करतो. चार दिवस ते मोजे वापरले जातात, पाचव्या दिवशी कपाटात जातात. पैसे वाया गेले, ही त्यातली छोटी गोष्ट. चुकीच्या पायावर चढवलेला घट्ट मोजा त्या पायाला जखम करू शकतो, ही मोठी.

पायातल्या रक्ताला हृदयाकडे जाताना चढण चढावी लागते. त्याला वर ढकलणारा पंप म्हणजे पोटरीचे स्नायू. चालताना ते आवळतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. तासन् तास एका जागी उभे राहिले की हा पंप बंदच असतो. झडपाही निकामी झाल्या असतील तर रक्त घोट्याशी साचते. सूज येते, शिरा फुगतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडते, खाजते आणि अखेर तिथे जखम होते. या खाजेला गजकर्ण समजून महिनोन् महिने मलमे चोळणारे रुग्ण थोडे नाहीत. मलमाने शिरेतला दाब कमी होत नाही, मग जखम भरणार कशी?

आजच्या मोज्यांमागची कल्पना एका रुग्णालाच सुचली. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातले अभियंता कॉनरॅड जॉब्स्ट यांना स्वतःला शिरांच्या जखमांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आले. विहिरीत उतरणाऱ्या कुणालाही हे पटेल: पाण्याचा दाब खाली जास्त, वर कमी. त्याच तत्त्वावर त्यांनी १९५० च्या सुमारास घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे तयार केले. वरच्या काठालाच घट्ट रबर असलेला साधा मोजा नेमके याच्या उलट काम करतो.

हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, रक्तदाबासारखाच. खोक्यावरच्या ‘क्लास १’, ‘क्लास २’ या शब्दांवर विसंबू नये. जर्मन पद्धतीत क्लास २ म्हणजे २३ ते ३२, ब्रिटिश पद्धतीत १८ ते २४. म्हणून आकडा पाहावा. नुसते उभे राहून पाय भरून येत असतील तर साधारण १५ ते २० चा दाब बहुतेकांना पुरतो. फुगलेल्या शिरा आणि सूज असेल तर बऱ्याचदा २० ते ३० चा लागतो, पण तो तपासणीनंतर. त्यापुढचा दाब स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात मिळालेले पांढरे मोजे अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णासाठी असतात, ते घालून दुकानात उभे राहण्यात फारसा अर्थ नाही.

आता खरी धोक्याची गोष्ट. मोजा शिरांना मदत करतो, पण पायाला रक्त पुरवणारी धमनीच अरुंद झाली असेल तर तोच मोजा उरलेला पुरवठाही दाबून टाकतो. विडी-सिगारेट ओढणारे, तंबाखू खाणारे, जुना मधुमेह असलेले, साठी ओलांडलेले यांनी आधी पाय तपासून घ्यावेत. थोडे चालले की पोटरीत गोळा येतो आणि थांबले की दोन-चार मिनिटांत जातो, हे धमनीच्या आजाराचे लक्षण आहे. पाऊल गार पडणे, बोटांवरची जखम न भरणे हीही तशीच लक्षणे. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी तपासतात. ती नीट लागली नाही तर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढतात. ते साधारण १ असते, ०.५ च्या खाली गेले तर दाबाचे मोजे वर्ज्य. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा असू शकतो. शिवाय पायाची संवेदना गेलेली असेल तर मोजा काचतो आहे हे कळतच नाही.

दोन्ही पायांवरची प्रत्येक सूज शिरांचीच असते असेही नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, इतकेच काय, रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपीनची गोळीही घोटे सुजवते. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखू लागला तर शिरेत गुठळी असू शकते. तेव्हा मोजे शोधत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पाय मोज्यांना योग्य ठरला की माप घ्यावे, तेही सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्याआधी. घोट्याच्या वर पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या वळणापर्यंतची लांबी. ही तीन मापे खोक्यावरच्या तक्त्याशी जुळवावीत. वजन, उंची किंवा चपलेचा नंबर पाहून घेतलेला मोजा बहुधा चुकतो.

आपल्याकडे बहुतेकांना गुडघ्याखालचाच मोजा सोयीचा. मांडीपर्यंतचा मोजा मांडी घालून बसताना, उकिडवे होताना घसरतो आणि गुडघ्यामागे त्याची वळी होते. ती वळी दोरीसारखी आवळते. मोजा लांब वाटला म्हणून वरून दुमडणे ही तर सर्वांत सर्रास होणारी चूक. बोटे उघडी असलेला मोजा चपलेत चालतो, घरातल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरण्याची भीती कमी होते आणि जोडव्यांत तो अडकत नाही. पैंजण मात्र काढूनच ठेवावेत. मोज्याखाली राहिले तर त्यांचा व्रण उठतो.

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत जाड मोजा लिहून दिला आणि रुग्णाने तो घातलाच नाही, तर उपयोग काय? पातळ विणीचा, आतून सुती धागा असलेला मोजा थोडा महाग पडला तरी घ्यावा. तीसचा मोजा सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून वीसचा घ्यावा आणि तो रोज घालावा. कपाटातल्या मोज्याचा दाब शून्य असतो.

मोज्यांनी फुगलेल्या शिरा बऱ्या होत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्येच सांगितले, की लेसर किंवा रेडिओलहरींनी शीर बंद करण्यासारखे उपचार शक्य असतील तर केवळ मोज्यांवर भागवू नये. काळी पडलेली कातडी किंवा जखम असेल तर सोलापूरला जाऊन शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून घेणे पुढे ढकलू नये.

मोजा घालायचा तो अंथरुणातून उठतानाच. आधी टाचेपर्यंत उलटा करावा, पाऊल आत सरकवावे, टाच जागेवर बसली की हळूहळू वर घ्यावा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली बसते. एकही सुरकुती ठेवू नये. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या, दुखले तर लगेच काढावा. रोज साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावा, पिळू नये. दोन जोड असले तर बरे. साधारण सहा महिन्यांत ताण सैल होतो, मग नवा घ्यावा आणि तेव्हा पायाचेही माप पुन्हा घ्यावे. सूज उतरली असेल तर जुना आकार आता चालणार नाही. रात्री मोजा काढून ठेवावा आणि खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा सारून झोपावे. मात्र हृदयाचा आजार असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल तर विटांचा हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा.