रस्त्याकडेची फायबर केबल जमिनीतला हादरा ‘ऐकते’ कशी?

नांदेड/लातूर : भांडी खडखडली, पत्रे वाजले की माणसं आधी अंगणात येतात आणि मग पाहुण्यारावळ्यांना फोन लावतात, “तुमच्याकडं पण झालं का?” २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर दहा-बारा मिनिटांत दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा. १० जुलैला सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. दोन्ही वेळा केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते, पण नांदेड-परभणीही हलले. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातले हासोरी गाव जमिनीतून येणाऱ्या आवाजांनी धास्तावले होते. किल्लारी याच भागातली, त्यामुळे असा आवाज कुणी हसण्यावारी नेत नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: आवाज नेमका कुठून आला? त्याचे उत्तर देऊ शकेल अशी एक वस्तू गावोगावच्या रस्त्याकडेला आधीच पुरलेली आहे. इंटरनेटसाठी टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल, म्हणजे जेसीबीने तुटली की बँकेचे व्यवहार बंद पडतात, तीच.

काचेचा तंतू आणि परत येणारा उजेड

केबलच्या आत केसाएवढे बारीक काचेचे तंतू असतात. एका टोकाला विशेष यंत्र बसवून तंतूत लेसरचा अगदी छोटा ठोका सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म असमानता असतेच, आणि तिच्यावरून थोडासा उजेड मागे परततो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर जाऊन-येऊन सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. परतीला किती वेळ लागला यावरून उजेड कितव्या किलोमीटरवरून आला ते कळते.

जमीन हलली की तंतू किंचित ताणला जातो आणि परतणाऱ्या उजेडात फरक पडतो. हे सेकंदाला शेकडो वेळा मोजले, की दर दहा मीटरला एक याप्रमाणे पन्नास किलोमीटरच्या केबलवर पाच हजार ‘कान’ तयार होतात. त्यासाठी केबलमधला वापरात नसलेला एक तंतू पुरतो. (औंढा नागनाथजवळच्या लायगो प्रकल्पातही लेसरच्या उजेडातूनच सूक्ष्म हालचाल मोजायची आहे. फरक इतकाच, की तिथे जमिनीचे हादरे हा शत्रू आहे, इथे तेच हवे आहेत.)

हे तंत्र वाढले ते राखणीच्या कामात. इंडियन ऑईलसारख्या कंपन्या पाइपलाइनशेजारच्या केबलवर नजर ठेवतात. तेल चोरायला कुणी खोदू लागला की कुदळीचे ठोके नियंत्रण कक्षात दिसतात. ईशान्य भारतात हत्ती रुळाकडे यायला लागले की रेल्वेला आधी कळावे म्हणून ‘गजराज’ यंत्रणा याच तत्त्वावर उभी केली. आइसलँडमध्ये ग्रिंडाविक गावाजवळच्या ज्वालामुखीवर टेलिफोनच्या केबलनेच लक्ष ठेवले.

सगळंच कळतं असं नाही

केबलला ट्रॅक्टरही ऐकू येतो, बोअरची गाडीही आणि जोराचा पाऊसही. यातला कोणता हादरा कशाचा, हे संगणकाला शिकवावे लागते. खांबावरून ओढलेली केबल वाऱ्याने हलते, ती या कामाची नाही. पाइपात सैल पडलेली केबलही कमी ऐकते. आपल्या काळ्या जमिनीचा प्रश्न वेगळाच. उन्हाळ्यात ती भेगाळते, मातीची पकड सुटते आणि तेवढ्या पट्ट्यात कान मंद होतो.

दीड मीटर खोल पुरलेल्या केबलला घरातले बोलणे ऐकू येत नाही. मात्र रस्त्याने गाडी गेली, शेतात रात्री कुणी चालले, हे कळू शकते. ती माहिती कुणी पाहायची, हे ग्रामपंचायतींनी केबलवाल्यांना विचारायलाच हवे.

आणि भूकंप होणार हे आधी सांगणारे यंत्र जगात कुणाकडेही नाही. केबल हे भाकीत नव्हे. भूकंप झाल्यावर पहिली लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने धावते, जास्त नुकसान करणारी दुसरी साडेतीनने. केबलने पहिली पकडली, तर दुसरीपर्यंतचा वेळ हातात येतो. केंद्र किल्लारीला धरले तर सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवरच्या लातूर शहराला चार-पाच सेकंद, नांदेडला पंधरा-सतरा सेकंद. इशारा पोहोचवण्यात त्यातलेही काही जातात. गॅस बंद करायला, शाळेतली पोरं बाकाखाली जायला नांदेडला ते पुरतील. खुद्द किल्लारीत, जिथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, तिथे एक सेकंदही मिळाला नसता.

केबलचा जास्त उपयोग आहे तो हासोरीसारख्या प्रसंगी. लहान हादरे माणसाला फक्त आवाज म्हणून कळतात. भूकंपमापक दूर असला तर जागा अंदाजाने सांगावी लागते. गावाजवळून केबल जात असेल, तर कंप आधी कोणत्या मीटरला पोहोचला ते दिसते. मग तो खाणीतला सुरुंग होता, बोअरची गाडी होती की खरोखर जमिनीतला हादरा, हे त्याच दिवशी सांगता येते, आणि तहसीलदारांना गावात जाऊन नुसतं “घाबरू नका” म्हणावं लागत नाही.