रुग्ण-मॉनिटरची बाह्य यंत्राशी सीरियल जोडणी

रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर हृदयाचे ठोके, रक्तदाब व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवितो. हे आकडे संगणकाकडे आपोआप जावेत म्हणून पुष्कळ मॉनिटरांना सीरियल पोर्ट असतो. या जोडणीत अभ्यासकाचे लक्ष बहुधा माहितीकडेच जाते. परंतु ज्या तारेतून माहिती जाते, त्याच तारेतून अनिष्ट विद्युत्प्रवाहही जाऊ शकतो. प्रस्तुत टिपणात या दोहोंचा विचार केला आहे.

प्रथम माहितीचा विचार करू. आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत १९६० साली पुढे आले. त्यात ग्राहक यंत्र −३ ते −१५ व्होल्ट दाबास १ व +३ ते +१५ व्होल्ट दाबास ० मानते. पाठविण्याची, घेण्याची व समाईक भूमीची अशा तीन तारा बहुधा पुरतात. सेकंदास ९,६०० बिटांचा वेग असेल, तर आठ बिटांच्या प्रत्येक अक्षरास आरंभाचा व अंताचा बिट धरून १० बिट लागतात. अर्थात सेकंदास ९६० अक्षरे जातात. हृदयालेखाचे सेकंदास २५० नमुने, प्रत्येकी दोन अक्षरांचे, पाठविले तर ५०० अक्षरे खर्ची पडतात. सारांश, एक आलेख जाईल. दोन जाणार नाहीत.

आता प्रवाहाकडे वळू. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या उपकरणातून रुग्णाकडे झिरपणाऱ्या प्रवाहाची आंतरराष्ट्रीय मर्यादा नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आहे. कार्यालयीन संगणकाच्या अर्थिंगच्या तारेतून मात्र ३.५ मिलिअँपिअर, म्हणजे ३५० पट प्रवाह वाहणे मान्य धरले गेले आहे. समजा, डहाणू परिसरातील मसोलीसारख्या गावी एका लहान रुग्णालयात असा संगणक मॉनिटरला जोडला. संगणकाची अर्थिंगची तार तुटलेली आहे आणि मॉनिटर सॉकेटपासून काढून बॅटरीवर चालविला आहे. मग तो प्रवाह समाईक भूमीच्या तारेतून मॉनिटरच्या धातूच्या भागांवर येतो. रुग्णाकडील मंडल आतून विलग असले, तरी तो भाग व रुग्ण यांना एकाच वेळी स्पर्श करणारी परिचारिका त्या प्रवाहाचा मार्ग ठरते. संगणक दूरच्या खोलीत ठेवूनही धोका टळत नाही, कारण तार ते अंतर नाहीसे करते.

यास्तव मध्ये वैद्यकीय प्रमाणाचा विलगक बसविणे अवश्य आहे. त्यात संदेशाचे प्रकाशात व प्रकाशाचे पुन्हा संदेशात रूपांतर होते. माहिती पलीकडे जाते, प्रवाह अडतो. विलगकाच्या दोन्ही बाजूंचा वीजपुरवठाही परस्परांपासून विलग असला पाहिजे. अन्यथा एका वाटेने अडविलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने शिरेल.

शेवटी एक सूचना. तार निसटल्यावर पडद्यावर अखेरचा आकडा तसाच राहिला, तर बिघडत चाललेला रुग्णही स्वस्थ भासेल. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत वेळ नोंदवावी, आणि नवा आकडा न आल्यास जुना पुसून जोडणी तुटल्याचे स्पष्ट दर्शवावे.