तार कुठली, बोट कुठलं?

पियानोवर एका सुराला एकच पट्टी. गिटारचं तसं नाही. पहिली तार मोकळी छेडली की जो 'ई' वाजतो, तोच दुसऱ्या तारेच्या ५व्या पडद्यावर, तिसरीच्या ९व्या, चौथीच्या १४व्या आणि पाचवीच्या १९व्या पडद्यावरही सापडतो. कागदावर मात्र टिंब एकच. वाचणाऱ्याने हात न्यायचा कुठे?

आणि सूर तोच म्हणजे आवाजही तोच, असं समजू नका. मोकळ्या तारेचा 'ई' लखलखीत, तिसरीवरचा गोलसर. सिंगापूरच्या शाळांमध्ये गिटार एन्सेम्बल ही सीसीए म्हणून असते; तिथे एकच पार्ट बरेच जण मिळून वाजवतात. (ही परंपरा इथे जुनी आहे. अ‍ॅलेक्स अबिशेगनादेन यांनी एनयूएसचं गिटार एन्सेम्बल १९८१ मध्ये सुरू केलं.) प्रत्येकाने आपल्या सोयीची तार धरली, तर सूर जुळूनही रंग जुळत नाही. वर नवख्या मुलाला वाटतं, आपलीच बोटं आखूड आहेत. बिचारा चुकीच्या तारेवर झगडत असतो, एवढंच.

म्हणून आकडे लिहायचे. साधा १ ते ४ म्हणजे डाव्या हाताचं बोट, ० म्हणजे मोकळी तार, वर्तुळातला १ ते ६ म्हणजे तारेचा क्रमांक. पियानो शिकून आलेले इथे हमखास गोंधळतात, कारण त्यांचा १ म्हणजे अंगठा. गिटारवर १ म्हणजे तर्जनी. उजव्या हाताला स्पॅनिश अक्षरं: पी, आय, एम, ए. पुल्गार, इंदिसे, मेदिओ, अनुलार. शेवटची दोन आपल्याला फुकटात पाठ होतात: मध्यमा आणि अनामिका!

म्यूझस्कोअरमध्ये हे सगळं फिंगरिंगच्या पॅलेटमध्ये मिळतं. टिंब निवडा, चिन्हावर क्लिक करा, झालं. पण खाली टॅब जोडलेली असेल तर तीही तपासा. वर वर्तुळात ३ आणि टॅबमध्ये पहिलीच तार, असं व्हायला नको. लिलीपॉन्डमध्ये सुरापुढे उलटी तिरकी रेघ आणि ३ लिहिलं की टॅबसुद्धा तिसरी तार धरते. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

भातखंड्यांच्या स्वरलिपीत सप्तक टिंबाने कळतं, पण सतारीवर हात कुठे ठेवायचा ते गुरू समोर बसून दाखवतो. तुम्ही बसवलेलं गाणं पुण्यातली मावसबहीण पीडीएफवरून वाजवणार असेल, तर समोर कोणी नाही. तरीही प्रत्येक टिंबावर आकडा चिकटवू नका, पान मुंग्यांनी भरल्यासारखं दिसतं. जिथे हात जागा बदलतो आणि जिथे दोन पर्याय खरंच भांडतात, तिथेच लिहा.