खोटा होकार

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारनंतर २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर नोटा बाहेर पडू लागल्या. काही तासांत व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. देशात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-जाळ्यामार्फत १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. खातेदारांच्या शिलकीतून मात्र काहीच वजा झाले नव्हते. कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मूळ खतावणीला, धक्का लागलेला नाही, असे बँकेने जाहीर केले. मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

एटीएमला आपल्या खात्याविषयी काहीच ठाऊक नसते. ते फक्त विचारते. ती विचारणा व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या स्विचपर्यंत, म्हणजे निरोपांची ने-आण करणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोहोचते, स्विच ती कोअर बँकिंगपुढे ठेवतो आणि तिथला होकार किंवा नकार त्याच वाटेने परत फिरतो. हे निरोप आयएसओ ८५८३ या ठरलेल्या साच्यात असतात. पुण्यात हल्लेखोरांनी मधल्या जागी एक तोतया स्विच उभा केला. नक्कल केलेल्या कार्डांची विचारणा खतावणीपर्यंत गेलीच नाही. तोतयानेच परस्पर ‘द्या’ म्हटले.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकी सरकारने ‘फास्टकॅश’ नावाच्या हल्ल्यांविषयी इशारा दिला. त्यात कुठल्याच बँकेचे नाव नव्हते, पण रीत याच जातीची होती. नोव्हेंबरमध्ये सिमँटेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्यामागच्या प्रोग्रामची चिरफाड प्रसिद्ध केली. आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीवर चाललेल्या खऱ्याखुऱ्या प्रक्रियेतच हा प्रोग्राम शिरायचा, येणाऱ्या निरोपातला कार्ड क्रमांक वाचायचा आणि हल्लेखोरांच्या माणसाचे कार्ड असेल तर होकार तयार करायचा. हल्ला झालेल्या सर्व्हरवरच्या एआयएक्सच्या आवृत्त्यांना आयबीएमचे पाठबळ केव्हाच संपलेले होते. इतक्या साध्या कारणाने इतके मोठे दार उघडे राहावे, याचा संताप येतो.

मधलाच कोणी खोटे बोलत असेल तर निरोपावर विश्वास कसा ठेवायचा, या प्रश्नाचे गणित जुने आहे. १९८२ साली लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ यांनी बायझंटाईन सेनापतींचा प्रश्न मांडला. शहराला वेढा घातलेले सेनापती निरोप्यांकरवी बेत ठरवतात. त्यांच्यात कोणी फितूर असेल तर? नुसत्या तोंडी निरोपांवर चालायचे, तर एका फितुराला पुरून उरायला किमान चार सेनापती लागतात. निरोपावर बनावट करता न येणारी सही असेल, तर तिघांतही भागते.

अमेरिकी इशाऱ्यातला उपायही सहीचाच होता: बँकेच्या उत्तरावर सांकेतिक शिक्का हवा आणि तो तपासलाही जावा. चिप असलेल्या कार्डात अशी सोय असते. चुंबकीय पट्टीच्या कार्डात नसते. मात्र शिक्का कोण उमटवतो, यावर सगळे अवलंबून आहे. शिक्क्याची किल्ली वेगळ्या सुरक्षित यंत्रात ठेवली, पण ते यंत्र स्विचने मागितले की शिक्का देत असेल, तर फितूर स्विचला तोही मिळणारच. खतावणीने होकार दिल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय शिक्का उमटता कामा नये. शिवाय जाळ्याकडची नोंद आणि खतावणी यांचा ताळा दिवसअखेरीऐवजी मिनिटामिनिटाला घेतला, तर हजारो व्यवहार एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, ही तफावत लपणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये कॉसमॉसमधल्या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार स्तरांची चौकट आणली. ज्या बँकेचे जाळे जितके पसरलेले, तितकी तिच्यावरची जबाबदारी मोठी.